मिक्सिंग इथंच होणार

“याच्यात माहा साळा कोठी हाय?”

केवळरामकाकांनी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि एवढंच विचारलं. त्यांच्या मागे अनुसयाबाई, त्यांच्या पत्नी, पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. शूटिंग आमच्या स्टुडिओचं. तयार सिनेमा नागपूरहून आला आणि आदल्या दिवशी आम्ही तो त्यांच्या हाती दिला होता.

“असंल ना, काका,” आमचे मालक मुरलीभाऊ म्हणाले. “पूर्ण पायला का?”

“पूर्ण पायला. फुलं हायेत, ड्रोन हाय, पोरगी घडीघडी मागं वळून पायते. आंदनात माहा साळा नाई.”

मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. मी अर्जुनी मोरगावात मुरलीभाऊंच्या फोटो स्टुडिओत मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे व्हिडिओ एडिटिंग. लग्नाच्या धंद्यात एडिटिंग कोणी म्हणत नाही. चार-सहा तासांचं शूटिंग, ज्याला आम्ही डेटा म्हणतो, ते कापून, जोडून, गाणी घालून दीड-दोन तासांचा सिनेमा करायचा. डीव्हीडीच्या काळापासून हेच करते. मागची खोली माझी, तिथला डेस्कटॉप माझा. मालकीचा नाही, पण माझा.

मग हा सिनेमा नागपूरला का गेला? मुरलीभाऊंनी यंदा नवे फोर-के कॅमेरे घेतले. फोर-के म्हणजे चित्र पहिल्यापेक्षा चौपट बारीक. फाइलीही तशाच जड. माझ्या मशीनवर असा व्हिडिओ लावला की नवरी पायरी चढताना एक पाय वर घेऊन उभीच राहायची. मुरलीभाऊंनी मला न विचारता डेटाची प्रत नागपूरच्या एका मिक्सिंगवाल्याकडे पाठवला. मला कळलं ते कुरिअरची पावती टेबलावर दिसली तेव्हा. त्या दिवशीच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

आता आंदण म्हणजे काय ते सांगते, नाहीतर काका का चिडले ते कळणार नाही. आमच्याकडे लग्न लागल्यावर नवरा-नवरीला मांडवात पाटावर बसवतात. एकेक नातेवाईक येतो, टिळा लावतो, भांडं किंवा वस्तू देतो, आणि माइकवर त्याचं नाव, गाव आणि वस्तू पुकारली जाते. हे तास-दीड तास चालतं. बाहेरच्या माणसाला बघवत नाही. पण आमचे लोक सिनेमा लावतात तो यासाठीच. कोण आलं, काय म्हणून पुकारलं, कोणाच्या अंगावर कोणती साडी होती. नागपूरच्या माणसाने अख्खं आंदण एका गाण्यात बसवलं होतं. माइकचा आवाज बंद, चार हात, दोन भांडी, पुन्हा फुलं.

अनुसयाबाई पहिल्यांदा बोलल्या, तेही माझ्याकडे बघून.

“माहा भाऊ आमच्या घरी पाय ठेवत नव्हता, बाई. कोन्या जुन्या लग्नातल्या मानपानाहून बिनसलं होतं. पोरीच्या आंदनाले कामठ्याहून आला. आपल्या पायानं आला. साऱ्या गावानं पायला. आता उद्या कोनी म्हनलं का नाई आला, तं मी काय दाखवू?”

तो प्रसंग मला माहीत होता. मशीन अडखळत होती तरी डेटा मी पाहिला होता. आंदण संपत आलेलं, भांडी उचलायला सुरुवात झालेली, आणि कडेने एक उंच माणूस पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा हंडा, खांद्यावर घेऊन येतो. माइकवाला क्षणभर गप्प होतो. मग पुकारतो.

मुरलीभाऊंनी नागपूरला फोन लावला. उत्तर आलं, दुरुस्ती होईल, पण रांगेत. आखाडीच्या आत नाही. नवी लग्न झालेली मुलगी आषाढात माहेरी येते, ती आखाडी. त्या दिवशी मुलगी, जावई, मामाचं घर, सगळे काकांकडे जमणार होते आणि सिनेमा तेव्हाच लावायचा होता.

“काका, यंदा तेवढं चालवून घ्या,” मुरलीभाऊ म्हणाले.

मी उठून बाहेर आले. “नाही चालवून घेणार ते. मी करते. इथंच करते. आखाडीच्या आत.”

मुरलीभाऊंनी मला डोळ्यांनी दटावलं. मी तिकडे पाहिलंच नाही.

दोघं गेल्यावर मालकांनी तोंड उघडलं. “कोनत्या मशीनवर करसाल, ताई? हे मशीन तं मान टाकून राहिली.”

“मशीनला अपग्रेड करू.”

“कायले? आता सारं नागपूरलेच पाठवतो. मी मागची खोली माह्या साळ्याले देऊन राहिलो. मोबाइलचं कव्हर, चार्जर ठेवतो म्हनते. सुतार माप घेऊन गेला.”

म्हणजे काकांचा साळा सिनेमातून गायब झाला होता आणि मालकांचा साळा माझ्या खोलीत येणार होता. मी भिंतीकडे पाहिलं. सुताराने खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या, माझ्या टेबलाच्या बरोबर वर. मी जेवायला गेले तेव्हा मारल्या असाव्यात.

“हा एक सिनेमा इथं झाला तर?” मी विचारलं.

“झाला तं खोली तुमची. नाई झाला तं आखाडीच्या दुसऱ्या दिवशी सुतार येईल.”

“लिहून घेत नाही म्हणून विसरेन असं समजू नका,” मी म्हटलं.

अपग्रेड म्हणजे दुकानात जाऊन महागातली वस्तू आणणं नव्हे. आधी अडतंय कुठे ते बघायचं. कॉम्प्युटरमध्ये टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी असते. कोणता भाग किती राबतोय ते ती दाखवते. मी फोर-केचा व्हिडिओ लावला आणि ती उघडली. हार्ड डिस्क पूर्ण दमलेली. रॅम भरून वाहत होती. प्रोसेसर, ज्याला सगळे मशीनचा मेंदू म्हणतात, तो मात्र बऱ्यापैकी मोकळा होता. त्याच्यापर्यंत माल पोहोचतच नव्हता.

हार्ड डिस्क म्हणजे कोठी आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा असं समजा. कोठीचं तोंड अरुंद आणि ओटा वीतभर, तर रांधणारी कितीही हुशार असली तरी पंगत उपाशीच राहणार. मला कोठी बदलायची होती, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. ओटा वाढवायचा होता, म्हणजे जास्त रॅम. आणि एक ग्राफिक्स कार्ड लागणार होतं. नवे कॅमेरे व्हिडिओ फार दाबून भरतात, तो उलगडण्याचं काम हे कार्ड करतं. प्रोसेसर आणि हे सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड जुनेच राहणार होते.

पदरचे पैसे घेऊन सकाळच्या गाडीने गोंदियाला गेले. दुकानदार मला ओळखतो. मी यादी सांगायला लागले तसा तो हसला.

“मॅडम, उस डब्बे में कुछ नहीं रखा. भंगार है. नया सेट ले जाओ, काँचवाला. अंदर सात रंग की लाइट जलती है.”

“लाइट मंडप में लगाएँगे, भैया. मुझे रॅम दिखाओ.”

“बोर्ड पुराना है. लोड नहीं लेगा. फिर मेरे नाम से रोओगे.”

“रोना होगा तो अपने घर में रोऊँगी. एसएसडी निकालो.”

त्याने काढली. काम त्याचं विकायचं, माझं न ऐकायचं. दोघांनी आपापलं केलं. कार्डाला ताकद जास्त लागते म्हणून नवा पॉवर सप्लाय घेतला. कार्ड जुन्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे मशीनच्या डब्यात, मावणारं नव्हतं, म्हणून कॅबिनेटही नवं घेतलं, साधं, काळं, वरच्या बाजूला जाळी असलेलं. गरम हवा वर निघून जावी म्हणून ती जाळी. निघता निघता बोर्डावरचा गोल सेलही घेतला. या सेलवर मशीन बंद असतानाही तारीख-वेळ लक्षात ठेवते. आमचा सेल कधीचा मेला होता. त्यामुळे मशीन रोज सकाळी सुरू होताना अडायची, इंग्रजीत एक ओळ दाखवायची आणि एफ-वन दाबा म्हणायची. मुरलीभाऊ दुकान उघडलं की मशीन सुरू करून एफ-वन दाबायचे. वर्षानुवर्षं.

जोडणी मी स्वतः केली. मुरलीभाऊ हात बांधून दारात उभे.

“बिघडलं तं?”

“तर सुतार आहेच.”

मशीन सुरू झाली. फोर-केचा डेटा लावला. नवरी पायरी चढली, न थांबता दुसरी चढली, तिसरी चढली. मी खुर्चीत मागे टेकले आणि मुरलीभाऊंकडे पाहिलं. ते आत जाऊन पूजेचं ताट घेऊन आले. नवी वस्तू बसली म्हणजे पूजा व्हायलाच हवी. कॅबिनेटला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, उदबत्ती ओवाळली. रोज सकाळी गल्ला, कॅमेरे आणि कॉम्प्युटर यांची पूजा करूनच ते दुकान चालू करतात. मला तेव्हा बरंच वाटलं. मशीनला मान दिला, म्हणजे थोडाफार मलाही दिला असं मी धरलं.

कामाला लागले. डेटा जड असला की आधी प्रॉक्सी बनवतात. प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी नक्कल. कापाकापी नकलेवर करायची, शेवटी मशीन तेच काप मूळ व्हिडिओवर चढवते. जुनी मशीन नक्कल बनवतानाच झोपायची. आता सरसर होत होतं. आंदण मी हात न लावल्यासारखं ठेवलं. माइकचा आवाज पूर्ण, प्रत्येक नाव, प्रत्येक गाव. मामा येतो तिथे दोन कॅमेरे होते. एक त्याच्यावर, दुसरा योगायोगाने अनुसयाबाईंवर. तिथे मी कोणतंही गाणं घातलं नाही.

मग एक्सपोर्ट लावला. एक्सपोर्ट म्हणजे सगळं शिजवून एका फाइलमध्ये ओतणं. मशीनची खरी परीक्षा इथे होते, कारण प्रोसेसरला सलग राबावं लागतं. थोडा भाग झाला आणि पडदा काळा पडला. मशीन बंद.

पुन्हा सुरू केली. पुन्हा लावला. पुन्हा काळा.

दुकानदाराला फोन केला. “मैंने बोला था ना, बोर्ड पुराना है,” तो म्हणाला. आवाजात आनंद होता. मुरलीभाऊंनी हे ऐकलं आणि लगेच सुताराला फोन लावला, माझ्यासमोर. “हो, आखाडीच्या दुसऱ्या दिवशी. पक्कं.”

मला इतका राग आला की कान तापले. पण रागाने मशीन दुरुस्त होत नाही. बिघाड शोधायची पद्धत सोपी असते. एकेक वस्तू बाजूला करायची आणि बघायचं. आधी ग्राफिक्स कार्ड काढलं आणि लहानसा तुकडा एक्सपोर्टला लावला. तरी बंद. म्हणजे कार्ड निर्दोष. शेजारी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्याकडून त्याचा पॉवर सप्लाय मागून आणला. तरी बंद. रॅमची पट्टी एकेक करून लावली. तरी बंद. राहिले बोर्ड आणि प्रोसेसर, म्हणजे जुन्या वस्तू. म्हणजे दुकानदार बरोबर आणि मी चूक. ते मला मान्य नव्हतं, आणि मान्य नसण्याला माझ्याकडे काही कारणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर मुरलीभाऊ माझ्या मशीनपुढे उदबत्ती घेऊन उभे होते आणि पुटपुटत होते.

“एवढा खर्च कायले केला काय मालूम. सारं नवीन टाकलं, तरी एफ-वन मागते तं मागतेच.”

मी पर्स खांद्यावरून उतरवली ती हातातच राहिली.

“काय मागते?”

“एफ-वन. रोजच मागते ना. काऊन?”

खरंच मागत होती. काल मशीन इतक्या वेळा सुरू केली, प्रत्येक वेळी माझंही बोट आपोआप तिथे गेलं होतं. इतक्या वर्षांची सवय. पण सेल तर मी स्वतः बदलला होता. तारीख बरोबर होती, वेळ बरोबर होती. मग आता तिला काय हवंय?

“भाऊ, मशीन बंद करा. परत चालू करा. आणि काहीच दाबू नका.”

“दाबू नोको तं सुरू कशी होईल?”

“नाही होऊ द्यायची. वाचायचं आहे.”

पडद्यावर ओळ आली. शेवटी तेच एफ-वन, पण ओळ वेगळी. आधीची ओळ तारीख-वेळेबद्दल असायची. ही म्हणत होती, प्रोसेसरचा पंखा फिरत नाही.

पंखा नाही तर प्रोसेसर तापतो. हलक्या कामात निभतं. एक्सपोर्टमध्ये भट्टी होते आणि जळू नये म्हणून मशीन स्वतःच स्वतःला बंद करते. बोर्ड म्हातारा झाला नव्हता. तो शहाण्यासारखा वागत होता.

मी कॅबिनेटची बाजू उघडली. काल उघडली होती तेव्हा माझे डोळे कार्डावर आणि वायरींवर होते. आता टॉर्च पंख्यावर धरला. पंख्याच्या खालच्या धातूच्या पात्यांमध्ये लाल तांदूळ चिकटले होते. बोर्डाच्या कडेला तांदूळ. तळाशी तांदूळ. आणि पंख्याचं पातं आणि चौकट यांच्या फटीत एक दाणा, कुंकवाने माखलेला, पाचर मारल्यासारखा बसलेला.

मुरलीभाऊ वाकून बघत होते. जुन्या कॅबिनेटवर ते याच अक्षता, याच हाताने वर्षानुवर्षं वाहत आले होते. त्याला वरून सरळ पत्रा होता. सकाळच्या अक्षता मी टेबल पुसताना झटकून टाकायची, कोणाचंही काही बिघडत नव्हतं. नव्याला वर जाळी होती. रोजच्या पूजेतली जाळीवरची अर्धी रास सरळ खाली जात होती.

मी चिमट्याने तो दाणा काढला आणि त्यांच्यासमोर धरला.

“मशीन पुरानी नाही झाली, भाऊ. पूजा जास्त झाली.”

त्यांनी दाणा हातात घेतला. मग म्हणाले, “फेकू नोका. देवाचे हायेत.” आणि सगळे दाणे वेचून कागदात बांधून ठेवले. संध्याकाळी तलावात सोडले असतील.

पंखा ब्रशने साफ केला, पुन्हा बसवला. मशीन सुरू केली. ती काहीही न मागता सुरू झाली. एक्सपोर्ट लावला आणि मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसून राहिले. कोणी गिऱ्हाईक आलं तरी उठले नाही. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत गेली.

काका-काकूंना बोलावलं. पेनड्राइव्ह न्यायच्या आधी इथंच बघून घ्या म्हटलं. आंदण लावलं. काका नावं ऐकत मान हलवत होते. मग माइकवाला गप्प झाला आणि कडेने तो उंच माणूस आला.

“कामठ्याचे शालिकमामा! पितळेचा गुंड!”

पडद्यावरच्या अनुसयाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. खुर्चीतल्या अनुसयाबाई पुढे सरकल्या, इतक्या की त्यांचं नाक मॉनिटरला लागेल असं वाटलं.

“अजून एक डाव लावा, बाई.”

लावलं. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा लावलं. काका म्हणाले, “आता घरी पाय ना, टीव्हीवर मोठा दिसते.” त्या म्हणाल्या, “थांबा हो.” त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

आखाडी झाली. दुसऱ्या दिवशी सुतार हत्यारांची पिशवी घेऊन आला. मुरलीभाऊंनी त्याला चहा पाजला आणि काउंटरचा हलणारा पाय दुरुस्त करून घेतला. त्यांच्या साळ्याने बसस्टँडजवळ दुसरी जागा पाहिली. फोर-केची सगळी मिक्सिंग आता इथंच होते. भिंतीवरच्या खडूच्या रेघा मुरलीभाऊ पुसायला निघाले होते, मी पुसू दिल्या नाहीत. अजून आहेत. कोणी विचारलं की सांगते, इथं एकदा मोबाइलचं दुकान होणार होतं.

दसऱ्याला त्यांनी नेहमीसारखे कॅमेरे, लाइट, प्रिंटर पुसून मांडले, पूजा केली आणि ताट घेऊन मागच्या खोलीत आले. कॅबिनेटपाशी वाकले आणि थांबले.

“याच्यावर नोको ना?”

“नको.”

“कीबोर्डावर?”

“फटीत जातील.”

“मॉनिटरवर?”

“घसरून कीबोर्डावर येतील.”

“मंग कोठी वाहू, ताई? पूजा तं करा लागंल ना.”

मी उजवा हात पुढे केला, तळवा वर करून.

“इथं वाहा. सिनेमा हा करतो.”

मुरलीभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करते का ते बघायला. मी करत नव्हते. मग त्यांनी तळव्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, चार अक्षता वाहिल्या, आणि सवयीने हातही जोडले.

अपग्रेड करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. अडतंय कुठे ते आधी बघा, जाळीवर काही ठेवू नका, आणि पडद्यावर आलेली ओळ रोजचीच वाटली तरी वाचा.

अक्षता मी देवाच्या फोटोपुढे ठेवल्या, हात धुतले आणि पुढचं लग्न उघडलं.